लो कार्ब चालू असताना ३०० किमीची बीआरएम (सायकल राईड), रस्त्यात खायचं काय?

घाटवाट_पुणे:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नेमकं काही सुचवता येणार नाही. वय चाळिशीच्या पुढे, सिंहगड रोडला राहतो, आईवडील दोघांनाही शुगर. मागच्या वर्षी माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली आणि जेवणाकडे बघा म्हणाले, तेव्हापासून भात, पोळी, साखर, बटाटा, बिस्किटं सगळं बंद. आता दिवसाला ५०-६० ग्रॅमच्या आसपास कार्ब (कर्बोदकं) जात असतील, म्हणजे भाज्या, दही, पनीर, अंडी, शेंगदाणे, तूप आणि कधीतरी चतकोर-अर्धी ज्वारीची भाकरी. घरात अंड्यापर्यंत चालतं, त्यापुढे नाही. वजन उतरलं, रिपोर्ट ५.६ वर आला, दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागायचे ते बंद झालं, त्यामुळे हे सोडायची माझी तयारी नाहीये हे आधीच सांगून ठेवतो.

अडचण सायकलची आहे. खडकवासला-पानशेत आणि परत एवढं मी सकाळी नुसत्या ब्लॅक कॉफीवर करतो, काही त्रास नाही, भूकसुद्धा लागत नाही. पण सातारा रोडला गेलो की शिरवळपर्यंत मस्त आणि खंबाटकी सुरू झाला की पाय एकदम बंद. दम लागतो म्हणावं तर हार्ट रेट वर जातच नाही, दाबायला गेलं तर पायात काही नसतंच. परत येताना कात्रज बोगद्याच्या आधीचा तो साधा चढसुद्धा नको होतो, घरी आल्यावर डोकं दुखतं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बरोबरचे लोक केळी, चिक्की, वडापाव खातात आणि मला म्हणतात अरे एक केळं खा काही होत नाही. मला खरंच भीती वाटते की एकदा रस्त्यात गोड सुरू केलं की जे कमावलंय ते जाईल.

लो कार्बच्या आधी २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, वेळेत झाली होती. आता या हिवाळ्यात ३०० करायची आहे, २० तासांची मर्यादा. तर फक्त फॅटवर ३०० होतं का, होत नसेल तर किती कार्ब खायचे आणि कुठले, आणि ते खाल्ले तर शुगरचं काय होतं, आणि हे डोकं दुखणं-गोळे येणं कशामुळे. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

मंदगती:

दादा, धागा काढलात बरं झालं. मी बरीच वर्षं लो कार्बवर आहे, बीआरएम सगळ्या अंतरांच्या केल्यात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, होतं. पण कुठल्या वेगाने होतं ते महत्त्वाचं.

साधा हिशोब बघा. सपाटीवर २०-२२ च्या वेगाने आपल्यासारखा सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस तासाला ४५०-५०० कॅलरी जाळतो. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे मिनिटाला एक ग्रॅम फॅट जाळता आलं तर तासाचे ५४० झाले, सपाटीचा सगळा खर्च त्यातच निघाला. नेहमीचं जेवण जेवणाऱ्या माणसाला मिनिटाला अर्धा-पाऊण ग्रॅमच्या वर सहसा जाता येत नाही, लो कार्बवर मुरलेल्याला जाता येतं. अमेरिकेत वोलेक आणि फिनी या संशोधकांनी २० अल्ट्रारनर (मॅरेथॉनपेक्षा लांब पळणारे) घेऊन अभ्यास केला होता, २०१६ साली छापून आला, १० जण हाय कार्बवाले आणि १० जण सरासरी दीडपावणेदोन वर्षं लो कार्बवर असलेले. लो कार्बवाल्यांचं फॅट जाळणं मिनिटाला दीड ग्रॅमपर्यंत गेलं होतं, दुसऱ्यांचं ०.६७. आणि अंगावर फॅट कुणाच्याही भरपूर असतं, एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, पूर्ण ३०० निघेल एवढी.

म्हणून माझं सांगणं एवढंच की घाई करू नका. हार्ट रेट १८० वजा वय याच्या आत ठेवून महिनोन्महिने चालवा, मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) लावा म्हणजे खंबाटकीत उभं राहायची वेळच येणार नाही, बसून हळूहळू चढा. ३०० ला २० तास म्हणजे थांबे धरून ताशी १५ ची सरासरी पुरते, तिथे कुणाला दाखवायचंय आपल्याला. मी बरोबर सुकं खोबरं, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी, चीज क्यूब आणि बाटलीत मीठ-लिंबू एवढंच ठेवतो. एमसीटी तेल (पटकन पचणारं फॅट) वगैरे लोक सांगतील, ते रस्त्यात पहिल्यांदा घेऊ नका, पोट बिघडलं तर शिरवळ ते सातारा पट्ट्यात फार हाल होतात.

डोकं दुखणं आणि गोळे हे माझ्या मते मिठाचं आहे. कार्ब कमी केले की इन्शुलिन खाली येतं आणि मग किडनी सोडियम जास्त बाहेर टाकते, त्यात तीनचार तासांचा घाम. लो कार्बवाल्यांनी जेवणात मीठ कमी करायचं नसतं, हे कुणी सांगतच नाही.

चेनरिंग:

मंदगती यांचा सपाटीचा हिशोब बरोबर आहे, मिठाचंही पटलं. पण घाटवाट दादांची तक्रार सपाटीची नाहीच आहे ना, ती खंबाटकीची आहे, आणि तिथे हाच हिशोब मोडतो.

चढावर तुम्ही कितीही हळू जा, सायकल पडू नये एवढा वेग तर लागतोच, त्यात तासाला ७५०-८०० कॅलरीचा जोर सहज लागतो. इंटेन्सिटी वाढली की फॅट तेवढ्या वेगाने जाळता येत नाही, स्नायूंना ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) लागतंच. स्नायूंत ४००-५०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम एवढाच साठा असतो, म्हणजे सगळा भरलेला असला तरी २००० च्या आसपास कॅलरी. ३०० किलोमीटरला एकूण साडेसहा-सात हजार लागणार. म्हणजे वडापाव खाणारासुद्धा घरी येतो तो बऱ्यापैकी फॅटवरच येतो, भांडण फक्त उरलेल्या भागाचं आहे. आणि तो उरलेला भाग म्हणजेच खंबाटकी आणि कात्रज.

दुसरी गोष्ट, एक लिटर ऑक्सिजन वापरून कार्बमधून जेवढी एनर्जी निघते त्यापेक्षा फॅटमधून थोडी कमी निघते, पाच-सात टक्क्यांचा फरक पडतो. सपाटीवर जाणवत नाही कारण ऑक्सिजन मुबलक आहे, घाटात जाणवतो. क्रीडा-आहाराच्या संशोधक लुईस बर्क यांनी ऑस्ट्रेलियात जागतिक दर्जाच्या रेस वॉकरवर (चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू) हे तपासलं, २०१७ चा पेपर आहे. तीन आठवडे कडक ट्रेनिंग सगळ्यांना सारखंच, कार्ब खाणाऱ्यांचा १० किमीचा वेळ ६.६ टक्क्यांनी सुधारला आणि लो कार्बवाल्यांचा सुधारलाच नाही, कारण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागायला लागला. टीकाकार म्हणतात तीन आठवडे कमी आहेत, म्हणू देत, पण ऑक्सिजनचा हिशोब तीन वर्षांनीही तोच राहणार.

आणि सायकलवाल्यांसाठी सगळ्यात कामाचा प्रयोग केपटाऊनचा २००६ चा. सहा दिवस हाय फॅट, मग एक दिवस भरपूर कार्ब, आणि मग १०० किमीची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध शर्यत), ज्यात मधेमधे १ किमीचे स्प्रिंट टाकलेले. एकूण वेळेत फारसा फरक नाही पण स्प्रिंटची पॉवर घसरली. म्हणजे आदल्या दिवशी कार्ब भरून घेतले तरी ते जोराच्या वेळी नीट वापरता आले नाहीत, कारण फॅटची सवय लागली की कार्ब जाळणारं एक मुख्य एन्झाइम स्नायूंत मंदावतं. तुमचं हार्ट रेट वर न जाणं आणि पायात काही नसणं हे वाचून मला हेच आठवलं. त्यामुळे "रोज लो कार्ब आणि फक्त बीआरएमच्या दिवशी केळी" हा बेत जेवढा सोपा वाटतो तेवढा नाही, लांबच्या प्रॅक्टिस राईडलाही कार्ब खायला लागतील, म्हणजे पोटालाही सवय राहते आणि स्नायूंनाही.

मी स्वतः तासाला ६० ग्रॅम घेतो, मोठ्या शर्यतीतले लोक ग्लुकोज-फ्रुक्टोज मिसळून ९० पर्यंत जातात. तुम्हाला एवढं अजिबात नको. तासाला २०-३० ग्रॅमने सुरुवात करा, आणि चढाच्या साधारण अर्धा तास आधी घ्या, चढ संपल्यावर नाही.

मंदगती:

चेनरिंग, रेस वॉकर १० किमी पाऊण तासाच्या आत संपवतात, आणि आपण इथे वीस तासांबद्दल बोलतोय. १० किमीच्या शर्यतीत कार्ब जिंकणार हे मीही मान्य करतो. पण ज्याला शुगर आहे किंवा होऊ घातलीय त्याला तासाला ६० ग्रॅम साखर घ्यायला शिकवायचं, तेही छंदासाठी, हे मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडा-वैद्यक टीम नोक्स यांनी आयुष्यभर धावपटूंना कार्ब खा म्हणून सांगितलं आणि स्वतःला टाइप टू डायबिटीस निघाल्यावर जाहीरपणे भूमिका बदलली, त्यामागे काही कारण असेलच ना. पळणारा, सायकल चालवणारा माणूस बारीक दिसतो म्हणून त्याची शुगर चांगलीच असेल असं नसतं.

चेनरिंग:

६० त्यांना सांगितलेच नाहीत हो मी, २०-३० म्हटलंय. आणि नोक्स यांचंच नाव काढलंत म्हणून सांगतो, ते स्वतः ज्यात होते असा एक ताजा प्रयोग आहे, २०२५ ला आला. ट्रायथलीट (पोहणं-सायकल-पळणं करणारे) घेतले, त्यांना सहा आठवडे लो कार्ब आणि सहा आठवडे हाय कार्ब असं दोन्ही करायला लावलं आणि दोन्ही वेळी थकून थांबेपर्यंत व्यायाम करवला. दोन्ही डाएटवर शेवटी रक्तातली साखर खाली येत होती आणि माणूस थांबत होता. मग तासाला फक्त १० ग्रॅम कार्ब दिले तर साखर पडली नाही आणि दोन्ही डाएटवर लोक जास्त वेळ टिकले. १० ग्रॅम म्हणजे दोन खजूर! स्नायू भरायला एवढं पुरत नाही, पण लिव्हर रिकामं झाल्यावर मेंदूला जी साखर कमी पडते ती तेवढ्याने सावरते. त्यामुळे तुमचं आणि माझं भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीये, तुम्ही शून्य म्हणताय ते दहा करा, मी साठ म्हणतो ते त्यांच्यासाठी तीस करतो, आणि दादांनी या दोन्हीच्या मधे स्वतःचा आकडा शोधावा.

मंदगती:

दहाला माझी हरकत नाही. दोन खजूर मी पण कधीकधी खातो, चढाआधी.

टेकडीवाली:

मी सायकलवाली नाही, पळते. वेताळ टेकडी रोजची, हिवाळ्यात सिंहगड-राजगड-तोरणा. दोघांचं वाचलं, एक मुद्दा दोघांनीही घेतला नाही म्हणून लिहिते.

लो कार्बवर भूक मरते. घाटवाट दादा स्वतः लिहितायत की पानशेतला भूकसुद्धा लागत नाही. ते छान वाटतं, पण लांबच्या राईडला दोन-अडीच हजार कॅलरी जाळायच्या आणि आल्यावर दोन अंडी आणि दह्याची वाटी खायची, असं महिनोन्महिने चाललं तर शरीर कुठून तरी काटछाट करतंच. आमच्या ग्रुपमधे मुलींचं हे फार दिसतं, वजन उतरतंय म्हणून सगळे कौतुक करत असतात आणि इकडे पाळी लांबत जाते, मग पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर. ऑलिंपिक समितीने २०१४ मधे याला, म्हणजे व्यायामाच्या मानाने कमी खाण्याने होणाऱ्या त्रासाला, रेड्स असं नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं. बर्क यांच्याच रेस वॉकरमधे पुढे असंही दिसलं की साडेतीन आठवड्यांच्या लो कार्बनंतर हाडं झिजण्याचा रक्तातला मार्कर वाढला आणि हाडं घडण्याचे कमी झाले, आणि कार्ब परत दिल्यावर झिजण्याचा जागेवर आला पण घडण्याचे आले नाहीत. बायकांनी हे वाचून ठेवाच, पण दादा तुम्हीही, कारण तुमचं मला निम्मं कार्बचं आणि निम्मं एकूणच कमी खाण्याचं वाटतंय. पाय बंद पडणं, डोकं दुखणं, हार्ट रेट वर न जाणं हे सगळं नुसत्या कमी खाण्यानेही होतं. एक आठवडा सगळं वजन करून लिहून काढा, राईडच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी किती पोटात जातंय ते. जेवणात प्रोटीन किती होतंय तेही बघा, अंडी-पनीर-दह्यावर होतं पण मुद्दाम करावं लागतं. बी१२ आणि आयर्न तपासलं नसेल तर तपासून घ्या, मेटफॉर्मिनवाल्यांना बी१२ कमी पडू शकतं.

आणि एक, राईडहून आल्यावर भाकरी खायला काय हरकत आहे? सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन खाली उतरणारी माणसं आपण बघतोच. अख्खी भाकरी त्या दिवशी, त्या वेळी खाल्ली तर ती रिकाम्या स्नायूंतच जाणार. बुधवारी दुपारी खुर्चीत बसून खाल्लेली भाकरी आणि ही भाकरी एक नाही.

घाटवाट_पुणे:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. टेकडीवाली ताई, लिहून काढायला आजपासून सुरुवात करतोय, मला स्वतःलाच शंका आहे की राईडच्या दिवशी फार कमी जातं. चेनरिंग, चढाच्या आधी घ्यायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण शुगरचं अजून कुणी सांगितलं नाही. राईडमधे खजूर खाल्ले तर साखर किती उडेल? माझा एक मित्रसुद्धा माझ्याबरोबर लो कार्ब करतोय, त्याला डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, त्याला पण ३०० करायची आहे. त्याला हेच सगळं लागू का?

स्टेथो_सॅडल:

मी फिजिशियन आहे आणि बीआरएम करतो. आधी तुमचं सांगतो, मग मित्राचं, कारण मित्राचं जास्त गंभीर आहे.

चालत्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्शुलिनची फारशी गरज लागत नाही, आकुंचनामुळेच पेशींची दारं उघडतात. म्हणून घरी बसून चार खजूर खाल्ल्यावर जेवढी साखर वर जाईल तेवढी पेडल मारत असताना जात नाही. त्यातही थोडंथोडं, दर वीस मिनिटांनी, घेतलंत तर फारच कमी. राईड संपल्यावरही बराच वेळ स्नायू साखर ओढत असतात, तेव्हा ताईंच्या भाकरीला माझी पूर्ण संमती. मात्र सुरुवातीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोड खाऊन मग सायकलवर बसू नका, काही जणांना त्याने पहिल्या टप्प्यातच साखर पडल्यासारखं होतं. चालवायला लागा, अंग गरम होऊ द्या, मग पहिला घास. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली जाणं सहसा होत नाही, त्यामुळे तुम्हाला तेवढी भीती नाही. शंका असेल तर एखाद्या लांब राईडला ग्लुकोमीटर बरोबर न्या, शिरवळला, वर घाटमाथ्यावर आणि घरी आल्यावर तपासा, तुमचं तुम्हालाच दिसेल. एखादं रीडिंग घाटात थोडं वर दिसलं तर घाबरू नका, जोर लावला की लिव्हर स्वतःहूनच साखर सोडतं, काही न खाताही.

आता मित्राचं. गोळ्यांची नावं बघा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर कमी कार्ब आणि तासन्‌तास व्यायाम यात साखर खरोखर धोकादायक खाली जाऊ शकते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि हे ट्रकच्या हायवेवर. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लो कार्ब करतोय हे त्याने त्याच्या डॉक्टरांना आजच सांगायला हवं. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यात खाण्यात कार्ब नाहीत, वरून उपास किंवा लांबचा व्यायाम आणि पाणी कमी पडलेलं, अशा वेळी कीटोॲसिडोसिस (फॅट जळून तयार होणारे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि यात ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोराने चालणं असं झालं तर थकवा समजून झोपू नये, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे ही गोळी चालू आहे हे सांगून कीटोन तपासायला सांगायचं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, राईडच्या आधी किती दिवस थांबवायची आणि बदली काय द्यायचं ते त्याचे डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे दीक्षित डाएट असो की केटो असो, लोक व्हॉट्सॲपवर वाचून सुरू करतात आणि गोळ्या आहे तशाच चालू ठेवतात, म्हणून हे एवढं ठासून लिहिलं.

मिठाबद्दल थोडं. मंदगतींचं कारण बरोबर आहे. पण पोटऱ्यांत गोळे यायला नेहमी मीठच जबाबदार असतं असं नाही, थकलेले स्नायूही तेवढेच कारण असतात, त्यामुळे मीठ वाढवूनही गोळे राहिले तर मीठ वाढवतच नेऊ नका. बीपी किंवा किडनीचा काही त्रास असेल तर आधी विचारा. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात सोपी गोष्ट ओआरएस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याच्या एक लिटर ओआरएसमधे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे एका बाटलीत तुमचं मीठही आलं आणि चेनरिंग म्हणतात ते दहा ग्रॅमही. फक्त पाकीट नीट वाचून घ्या, ओआरएसच्या शेजारी ठेवलेली टेट्रापॅकमधली गोड पेयं वेगळी, त्यात साखर खूपच जास्त असते. आणि तहान लागेल तसं प्या. साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्यातही डोकं दुखतं, उलटी होते, बोटं सुजतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पितात.

घाटवाट_पुणे:

डॉक्टर, मित्राला लगेच फोन केला. त्याची गोळी डॅपाग्लिफ्लोझिनच निघाली. उद्या जातोय तो डॉक्टरांकडे, आणि तोपर्यंत सायकल आणि लो कार्ब दोन्ही थांबव म्हणालोय.

माझं मी असं ठरवतोय. आठवडाभर जेवण आहे तेच, फक्त पोटभर. मधल्या दिवशीच्या छोट्या राईड आहेत तशाच कॉफीवर. रविवारच्या लांब राईडला अर्ध्या तासानंतर तासाला २० ग्रॅमपासून सुरुवात, एका बाटलीत ओआरएस, एका बाटलीत साधं पाणी, खंबाटकीच्या अर्धा तास आधी थोडं जास्त, आणि घरी आल्यावर पिठलं आणि अख्खी भाकरी. दोन महिने असं करून बघतो. ३०० च्या दिवशी ३० पर्यंत नेईन असं वाटतंय. कुणाला यात काही चुकतंय असं दिसलं तर सांगा. आणि पिशवीत नेमकं काय भरू ते पण सांगा, मला एनर्जी जेल (पाकिटातला साखरेचा पाक) वगैरे नको वाटतात.

चेनरिंग:

बेत चांगला आहे. एकच बदल सुचवतो, २० वरून ३० वर बीआरएमच्या दिवशी जाऊ नका, प्रॅक्टिसमधेच जा. बराच काळ कार्ब कमी खाल्ले की आतड्यातून साखर शोषून घ्यायची क्षमताही कमी होते, ती खाऊन खाऊनच परत येते. आणि बारका गिअर खरंच घ्या, त्याबाबतीत मंदगतींच्या शब्दाला माझा पाठिंबा.

टेकडीवाली:

पिशवीचं मी सांगते, जेल आम्हालाही आवडत नाहीत. बी काढलेले साधे खजूर, एकात ५-६ ग्रॅम धरा, हिशोबाला सोपे आणि हँडलबारच्या पिशवीतून एका हाताने खाता येतात. गुळाची शेंगदाणा चिक्की छोटे तुकडे करून, त्यात साधारण निम्मा गूळच असतो, पण उन्हात पाघळून चिकटते, म्हणून ती रात्रीसाठी ठेवा. मोठ्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास जातात, ते तुम्हाला एका वेळी जास्त होईल, अर्धं-अर्धं खा नाहीतर वेलची केळी घ्या. राजगिऱ्याचा लाडू घेऊ नका, कोरड्या तोंडात नुसता पिठूळ होतो आणि ठसका लागतो.

आणि आठ-दहा तासांनी गोड बघवत नाही, हे हमखास होतं, मग माणूस खाणंच बंद करतो आणि तिथून पुढे सगळं गडगडतं. त्यासाठी उकडलेले छोटे बटाटे मीठ-तिखट लावून डब्यात न्या, मध्यम बटाट्यात साधारण २० ग्रॅम कार्ब, हिवाळ्यात दिवसभर टिकतात. मंदगतींचे खारे शेंगदाणे पण असू द्या, पण ते सपाटीवर खा, घाटाआधी नाही, फॅट पोटात बराच वेळ बसून राहतं. रात्रीच्या कंट्रोलला (वाटेतली हजेरीची जागा) ढाब्यावर थांबाल तेव्हा दालखिचडीची हाफ प्लेट आणि ताक मागवा, आणि खाऊन झाल्यावर पहिला अर्धा तास हळू चालवा.